पाठमोऱ्या माणसाला सांगायचं वाक्य

“आणि खून कोणी केला?” आक्कांनी विचारलं.

“ते मी सांगणार नाही,” निषाद म्हणाला.

“बरं.”

आक्का पुन्हा गवार मोडायला लागल्या.

निषाद वाट बघत राहिला. त्या आग्रह करतील, निदान एकदा तरी ‘अरे, सांग की’ म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. चार वर्षं त्यानं ते गुपित जिवापाड जपलं होतं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आक्कांनी शेंगेचं टोक खुडलं, दुसरं टोक खुडलं, शेंग परातीत टाकली.

“तुम्हाला जाणून घ्यायचं नाही?” शेवटी त्यानंच विचारलं.

“तू नाही म्हणालास.”

“हो, पण...”

“मग झालं की.”

निषाद कारखानीस पुण्याहून बेळगावला आला होता तो एका वाक्यासाठी.

एकांकिकांच्या स्पर्धांमधून त्याचं नाव झालेलं. बक्षिसांचं एक कपाट भरलेलं. त्या भरवशावर त्यानं कॉलेजातली नोकरी सोडली आणि एक गुन्हेगारी थरारमालिका लिहायला घेतली. आठ भाग लिहून झाले. त्याच्या मते मराठीत असं काही आजवर कोणी लिहिलंच नव्हतं. दोन कंपन्यांनी ते परत पाठवलं. एकीनं कारण दिलं नाही. दुसरी म्हणाली, नक्की कशाबद्दल आहे ते कळलं नाही.

‘कळलं नाही’ हे त्याला जास्त लागलं.

आता तिसरी कंपनी, मुंबईची. तिथं मालिका निवडायचं काम अमला वागळे नावाच्या बाई करत. त्यांचा आदल्या दिवशी निरोप आला होता : उद्या संध्याकाळपर्यंत लॉगलाइन पाठवा. एकच वाक्य. आवडलं तर पुढचं वाचते.

निषादला ते अपमानासारखं वाटलं होतं. पण तिसऱ्या नकारानंतर चौथं दार उरलेलं नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

आणि आक्का म्हणजे शकुंतला हंगिरगेकर. रेडिओच्या जमान्यात त्यांच्या रहस्यश्रुतिका लागल्या की टिळकवाडीतल्या गल्ल्या ओस पडत, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. पुढं त्यांनी मुंबईत राहून टीव्हीच्या मालिका लिहिल्या. मग एक दिवस सामान बांधलं आणि आपल्या गावी परत आल्या. आता त्या लिहीत नसत. पण लिहिणारे त्यांच्याकडं येत. त्या कोणाचंही बाड हातात घेत नसत. ‘वाचून दाखवू नकोस, सांग,’ म्हणत.

निषादनं पूर्वी त्यांच्या एका शिबिरात पंधरा दिवस काढले होते. तेवढ्यावर तो स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई. त्यांनी कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

“आक्का, आठ तासांची गोष्ट एका वाक्यात मावते का?”

“नाही मावत.”

“मग हे लोक मागतात कशाला?”

“मावलेली कोण मागतंय?”

हे उत्तर होतं की प्रश्न, ते त्याला कळलं नाही.

“काय लिहिलंयस? ऐकू दे.”

त्यानं फोन काढला, घसा साफ केला. रंगमंचावर उभं राहायची सवय असलेला माणूस. आवाज आपोआप खाली उतरला.

“सत्ता, सूड आणि सत्य यांच्या काळोख्या खेळात अडकलेल्या एका निलंबित पोलीस अधिकाऱ्याचा, श्वास रोखून धरायला लावणारा थरारक प्रवास.”

आक्का शेंगा मोडत राहिल्या.

“पुन्हा म्हण.”

त्यानं पुन्हा म्हटलं. या खेपेला ‘थरारक’वर जरा जास्त जोर दिला.

“माझी पहिली मालिका होती,” आक्का म्हणाल्या, “तिला हे वाक्य लावून बघितलं. लागलं. दुसरीला लावलं. तिलाही लागलं. तिसरीत पोलीस नव्हता, वनाधिकारी होता. तेवढा बदलला, की तिलाही लागलं.”

“म्हणजे चांगलं आहे?”

“चांगलंच आहे. तुझं नाही, इतकंच.”

निषादची कानशिलं तापली. त्यानं फोन खिशात टाकला.

“आमच्या वेळी याला नाव नव्हतं,” आक्का म्हणाल्या. “श्रुतिकेच्या आधी निवेदक एक वाक्य बोलायचा. ते ऐकून लोक एकतर रेडिओ बंद करून जेवायला बसायचे, नाहीतर जेवता जेवता उठून आवाज वाढवायचे. मी शेजारच्या घरांकडं कान लावून बसायची... आवाज वाढला की मला कळायचं.”

“तेव्हा ऐकणारे वेगळे होते.”

“जेवणारे तेच आहेत.”

त्यांनी परात बाजूला सारली, पदर खोचला आणि उठल्या.

“कोथिंबीर संपलीये. चल.”

“आत्ता? आक्का, माझ्याकडं संध्याकाळपर्यंतच वेळ आहे.”

“म्हणूनच म्हणते चल. मी पुढं चालते. तू मागनं ये. पुढं यायचं नाही. माझ्या तोंडाकडं बघायचं नाही.”

“का?”

“ती मुंबईची बाई वाक्य वाचेल तेव्हा तुला दिसणार आहे का?”

“नाही.”

“तूही तिला दिसणार नाहीस. तुझा हा आवाजही तिला ऐकू येणार नाही.” आक्कांनी पिशवी उचलली. “तू सांगत राहा. मी चालत राहीन. थांबले, की समज.”

आणि त्या फाटक उघडून निघाल्यासुद्धा.

सकाळचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. आक्कांची चाल त्यांच्या वयाला न शोभेल इतकी झपझप होती. निषाद दोन पावलं मागं राहून चालू लागला. समोर नऊवारीचा काठ, पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा आणि पाठ. या पाठीशी बोलायचं.

त्याला हसू आलं. गोष्टी सांगून त्यानं भरलेली नाट्यगृहं गप्प केली होती. एका पाठीचं काय घेऊन बसलात?

“ऐका,” तो म्हणाला. “तालुक्याच्या गावी निवृत्त न्यायाधीश भास्करराव प्रभुदेसाई यांचा खून होतो आणि निलंबित पोलीस निरीक्षक संग्राम नाईकनवरे, वाळूमाफिया बंडा शेलार, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मेधा आणि वकील वसुधा निंबाळकर यांच्या भूतकाळातले धागे एका पंचवीस वर्षांपूर्वीच्या...”

“सुनंदा!” आक्कांनी हाक मारली. कुंपणापलीकडं एक बाई कपडे वाळत घालत होत्या. “आवळ्याचं लोणचं घातलंस की नाही?”

“घातलं, आक्का! संध्याकाळी देते आणून.”

“मीठ बेतानं घाल म्हटलं होतं. घातलंस ना बेतानं?”

“बेतानंच.”

आक्का चालत राहिल्या. हे सगळं चालताचालताच झालं.

“माझं वाक्य पुरं व्हायचं होतं,” निषाद म्हणाला.

“हो का? मला वाटलं, लग्नपत्रिका वाचतोयस.”

पाठ पुढं निघालेली. निषादनं ओठ चावला.

नावं जास्त झाली. ठीक आहे. हा माणूस कोण, ती बाई कोण, हे आधी माहीतच नसेल तर ऐकणारा नावांचं काय करणार? एवढं त्याला कबूल होतं. त्यानं नावं काढली. डॉक्टर काढली. वाळूमाफिया काढताना जीवावर आलं, कारण त्याचे संवाद फार झकास जमले होते. पण काढला.

तोवर रेल्वे गेट आलं. गेट पडत होतं, भोंगा वाजत होता. आक्का थांबल्या.

त्या थांबल्या! निषाद घाईनं बोलू लागला. तेवढ्यात गाडी धडधडत आली तसा त्यानं आवाज चढवला. “एका न्यायाधीशाच्या खुनाचा तपास करताना एका निलंबित निरीक्षकाला कळतं की हा खून म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी दिलेल्या एका निकालाचा सूड आहे, आणि त्या निकालात तो स्वतःही...”

गाडी गेली. शेवटचा डबा वळणाआड दिसेनासा झाला.

“काय म्हणालास?” आक्का न वळता म्हणाल्या. “गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.”

“पुन्हा सांगू?”

“नको. पुन्हा ऐकावंसं वाटलं असतं तर मी हट्टानं विचारलं असतं.”

“पण तुम्ही थांबलात!”

“गेटनं थांबवलं.”

गेट वर गेलं. आक्का रूळ ओलांडून पलीकडं पोचल्यासुद्धा.

निषाद त्यांच्या मागं धावला. आता त्याच्या चालण्यात ऐट राहिली नव्हती. पण हार मानायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं तिसरा डाव काढला. त्याच्याकडचा हुकमी.

“समजा, ज्याला तुम्ही खुनी समजता तोच बळी असेल तर? आणि ज्याला तुम्ही बळी समजता...”

“मी कोणाला काय समजते?” पाठ म्हणाली.

“म्हणजे... प्रेक्षक.”

“प्रेक्षकाला अजून कोणी भेटलंच नाही. तो काय समजणार?”

“हे कुतूहल जागं करण्यासाठी आहे, आक्का.”

“कोणाबद्दल?”





भाजीवाली आली. आक्कांनी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन हुंगली, खालची पानं पिवळी नाहीत ना ते बघितलं, दोन लिंबं घेतली. निषाद ठरल्याप्रमाणे मागं उभा राहिला. आक्कांनी एकदाही वळून बघितलं नाही. शिक्षा म्हणून उभं केलेल्या पोरासारखं त्याला वाटलं.

परतीचा रस्ता दुसरा होता. दोन्ही बाजूंना जुने बंगले, दगडी कुंपणं, फणसाची झाडं. रहदारी नव्हतीच. दोघांच्या पावलांचा तेवढा आवाज.



“संपलं?” पाठीनं विचारलं.

“विचार करतोय.”

“मग मी विचारते. आठ भाग लिहिलेस. किती वेळा लिहिलेस?”

“मोजलं नाही. एकेक प्रसंग दहा-दहा वेळा. निरीक्षकाचा पहिला प्रवेश तर वीसएक वेळा तरी.”

“जो तू एकदाच लिहिलास, असा प्रसंग आहे?”

निषाद चालता चालता अडखळला.

“आहे.”

“कुठला?”

“कोर्टातला. सहाव्या भागात. ती वकील आहे ना, तिचा. तिच्या लहानपणाचा.” तो जरा घुटमळला. “तो एका बैठकीत झाला. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली म्हणे. मला ऐकू आलं नाही. नंतर त्यात एक शब्दही बदलला नाही.”

“मग मघापासून तो निरीक्षक का सांगतोयस मला?”

“कारण तो नायक आहे!”

“असं?”

“ती वकील म्हणजे गुपित आहे, आक्का. सहाव्या भागापर्यंत कोणाला संशयसुद्धा येत नाही. सगळी इमारत त्यावर उभी आहे. ते पहिल्याच वाक्यात सांगितलं तर माझ्या हातात राहिलं काय?”

“मला कसं माहीत? तू सांगतच नाहीस.”

पाठ चालतच होती. तीच झपझप चाल. आणि निषादच्या डोक्यात काहीतरी सरकन चढलं. चार वर्षं. दोन नकार. सोडलेली नोकरी. आणि आता या गावात, या म्हातारीच्या मागं, पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास घेत चालायचं?

“ऐकायचंय ना तुम्हाला?” तो ओरडलाच. “मग ऐका! सात वर्षांची मुलगी आहे. कोर्टात तिला स्टुलावर उभं केलंय, कारण पिंजऱ्याच्या कठड्यावरून ती दिसत नाही. ती बोट दाखवते. म्हणते, माझ्या आईला यानं मारलं. तो तिचा बाप आहे. त्याला जन्मठेप होते. ती मोठी होते, वकील होते, नावाजली जाते. आता तो बाप तुरुंगातल्या दवाखान्यात मरायला टेकलाय. आणि तिला कळलंय की तिनं त्या रात्री काहीच पाहिलं नव्हतं. ती झोपली होती. तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. आणि ज्यानं घोकून घेतलं त्या मामानंच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलंय, शिकवलंय. बाप मरायच्या आत त्याच्यावरचा डाग पुसायचा तर तिला त्याच कोर्टात उभं राहून...”

आक्का थांबल्या.

रस्त्याच्या कडेला. एक हात दगडी कुंपणावर टेकलेला. पिशवी दुसऱ्या हातात लोंबकळत होती.

निषादही जागच्या जागी थांबला. वाक्य तोंडातच राहिलं.

एक स्कूटर दोघांना वळसा घालून गेली. फणसाचं एक पान गिरक्या घेत खाली आलं. आक्का हलल्या नाहीत, वळल्या नाहीत.

...

“पुढं?” पाठ म्हणाली.

निषादचा चेहरा उजळला. “पुढं असं होतं की, ती तुरुंगात जाते, तेव्हा बाप तिला म्हणतो...”

आक्कांनी कुंपणावरचा हात उचलला आणि तळवा मागं त्याच्या दिशेनं धरला. बस.

“पण तुम्हीच विचारलंत, पुढं?”

“विचारलं.”

“मग सांगतोय की.”

“सांगू नकोस.”

एवढं बोलून त्या पुन्हा चालू लागल्या. आता जरा सावकाश.

घरी आल्यावर ओसरीवर निषाद कागद घेऊन बसला. आक्कांनी राहिलेली गवार पुढ्यात ओढली.

रस्त्यात रागानं बोललेलं सगळं एका वाक्यात आणायचं होतं. त्यानं लिहिलं, खोडलं, लिहिलं. मग वाचलं.

“नावाजलेली वकील वसुधा निंबाळकर...”

“नाव काढ.”

“नाव नको?”

“वसुधा कोण, मला माहीत नाही. वकील म्हटलंस की डोळ्यांपुढं उभी राहते.”

त्यानं नाव काढलं. “नावाजलेली वकील सत्याच्या शोधात...”

“सत्य कोण शोधत नाही? ही काय करते?”

“मामाला कोर्टात उभं करते.”

“मग तसं लिही.”

शेंगेचं टोक खुडल्याचा बारीक आवाज.

“तिनं काहीच केलं नाही तर?”

“बाप खुनी म्हणून मरेल.”

“आणि केलं तर?”

चार वर्षं ज्या गोष्टीत तो राहत होता, तिच्याकडं तो पहिल्यांदाच या बाजूनं बघत होता.

“तर जो बाप म्हणून उरलाय, तो जाईल,” तो हळूच म्हणाला.

आक्कांचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले.

त्यानं लिहिलं. शेवटी एक शब्द जोडावासा वाटला, थरारक. लेखणी कागदावर टेकलीही. त्यानं आक्कांकडं बघितलं. त्या त्याच्याकडं बघतच नव्हत्या. त्यानं लेखणी उचलली.

मग वाक्य वाचून दाखवलं. या वेळी आवाज खाली उतरवला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तसं सांगितलं.

“सात वर्षांची असताना कोर्टात बोट दाखवून जिनं बापाला खुनी ठरवलं, त्या वकील बाईला कळतं की आपण काहीच पाहिलं नव्हतं, आणि तुरुंगातला बाप मरायच्या आत त्याला निर्दोष ठरवायचं, तर ज्या मामानं तिला वाढवलं त्यालाच पिंजऱ्यात उभं करावं लागणार आहे.”

आक्कांनी हातातली शेंग मोडून परातीत टाकली.

“लांब आहे का?”

“तुला बोलताना दम लागला?”

“नाही.”

“मग नाही.”

“पण आक्का, सहाव्या भागातलं गुपित मी इथं उधळून टाकलंय.”

“हं.”

“आता लपवायला काही उरलं नाही.”

“खून कोणी केला ते सांगितलंस?”

निषादनं कागदाकडं बघितलं. वरून खालपर्यंत वाचलं. मग परत वाचलं.

“नाही,” तो म्हणाला.

“जेवून जा,” आक्का म्हणाल्या. “गवार आहे.”

त्यानं ते वाक्य जेवणाआधीच पाठवून दिलं.

उत्तर यायला तिन्हीसांजा झाल्या. तो पुण्याच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसला होता. फोन वाजला. अमला वागळ्यांचा निरोप होता, पत्राचा कसलाही शिष्टाचार नसलेला. चारच शब्द :

‘म्हणजे मामानंच मारलं का?’

निषाद सगळं उत्तर लिहायला बसला. निम्मं लिहिलंही. मग त्याला मागं धरलेला एक तळवा आठवला. त्यानं लिहिलेलं पुसलं आणि कळवलं, ‘भेटल्यावर सांगतो.’

दुसरा निरोप लगेच आला. ‘सोमवारी या. आठही भाग घेऊन या.’

मालिका झाली. पण ती आठ भागांची, तशीच्या तशी झाली नाही. सहाव्या भागातली मुलगी पहिल्या भागाच्या पहिल्या प्रसंगात स्टुलावर उभी राहिली आणि मग बाकीचं सगळं मुळापासून नव्यानं लिहावं लागलं. निरीक्षक नाईकनवरेंच्या वाट्याला जेमतेम चार प्रसंग आले. वाळूमाफिया तर राहिलाच नाही. निषादला काही दिवस त्याचं वाईट वाटलं. मग एका सकाळी लिहिताना लक्षात आलं, की आता त्याला तो आठवतही नाही. ज्या घरी रात्री मालिका बघत, तिथं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर एकच वाद चाले : तिनं मामाला पिंजऱ्यात उभं करायला हवं होतं की नको?

निषादला आता बोलावणी येऊ लागली. लिहिणाऱ्यांची शिबिरं, परिसंवाद. प्रत्येक ठिकाणी तो ती सकाळ सांगे. पाठमोऱ्या आक्का. त्यांची झपझप चाल. रेल्वे गेट. आणि मग ते वाक्य, आणि रस्त्याच्या मधोमध थांबलेल्या आक्का. सांगून सांगून त्याला ते छान सांगता येऊ लागलं होतं. ‘माझ्या एका वाक्यानं शकुंतलाबाई हंगिरगेकरांचे पाय जमिनीला खिळले,’ असं म्हटलं की समोरची मंडळी टाळ्या वाजवत.

पुढच्या हिवाळ्यात तो बेळगावला गेला. आक्का ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. अंगावर शाल. त्यानं पायाला हात लावला, मिठाईचा पुडा पुढ्यात ठेवला.

“बघितलीत?”

“बघितली.”

“कशी वाटली?”

“तिसऱ्या भागात रडारड जास्त आहे.”

निषाद मोकळेपणानं हसला. आता अशा बोलण्याचा त्याला राग येत नसे. मग त्यानं शिबिरांचं सांगितलं. आपण ती सकाळ कशी सांगतो ते सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं.

“रस्त्याच्या मधोमध थांबले, असं सांगतोस?”

“हो.”

“कडेला थांबले होते. कुंपणाला हात टेकून.”

“तेच ते. पण थांबलात. त्या वाक्यानं थांबलात.”

आक्कांनी शाल सारखी केली.

“पोटरीत गोळा आला होता,” त्या म्हणाल्या.

...

“काय?”

“गोळा. पायात. येतो कधी कधी. पाऊल टाकवेना, म्हणून टेकले.”

ओसरीवरचं ऊन, पुडा, आक्कांचे शालीतून बाहेर आलेले सुरकुतलेले पाय... तो बराच वेळ त्या पायांकडं बघत राहिला. शिबिरांतल्या टाळ्या एकेक करून ओसरल्या. ती शांतता त्याला वाटली होती तितकी वाईट नव्हती.

मग त्याला एक आठवलं.

“पण आक्का, तुम्ही ‘पुढं?’ असं विचारलं होतंत. बऱ्याच वेळानं. ते कशाला?”

आक्कांनी पुड्याची दोरी सोडायला घेतली.

“गोळा उतरला, तरी पाय निघेना म्हणून.”